१७ विरुद्ध १३ : बेसबॉलमधला 'मोलाचा' खेळाडू ठरवायचा कुणी आणि कसा?

पाऊसवेडा (धागाकर्ता), १४ नोव्हेंबर २०२५

मंडळी, काल चहाचा कप हातात घेऊन टीव्हीपुढे बसलो होतो. निकाल लागला आणि नाव निघालं ॲरन जजचं. माझा चेहरा बघून बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण गेलं?"

कोणी गेलं नाही. बेसबॉलच्या अमेरिकन लीगचा एमव्हीपी पुरस्कार आमच्या सिएटलच्या कॅल रॉलीला न मिळता न्यूयॉर्कच्या जजला मिळाला, एवढंच. पण रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतोय. यात रडगाणं आहे हे आधीच कबूल करतो. नुसतंच रडगाणं आहे की काही मुद्दाही आहे ते तुम्ही ठरवा.

ज्यांना बेसबॉल म्हणजे मोजे घालून खेळायचा विटीदांडू वाटतो त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजर लीगमध्ये दोन लीग, अमेरिकन आणि नॅशनल, प्रत्येकीत १५ संघ, पाच-पाचांच्या तीन भौगोलिक डिव्हिजनमध्ये वाटलेले. प्रत्येक लीगचा एक 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर' (एमव्हीपी), म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू. तो निवडतात बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार, त्यांची संघटना १९३१ पासून हा पुरस्कार देते आहे. प्रत्येक संघामागे त्या गावचे दोन पत्रकार, म्हणजे एका लीगला ३० मतदार. प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, असं उतरत दहाव्याला १. मतपत्रिका प्लेऑफ, म्हणजे अव्वल संघांच्या बाद फेऱ्या, सुरू व्हायच्या आत द्यायची. त्यामुळे ऑक्टोबरात कुणी आभाळ खाली आणलं तरी इथे त्याचा उपयोग नाही.

आता आमचा माणूस. रॉलीने यंदा ६० होमरन (चेंडू थेट कुंपणापार, आपल्या षटकारासारखं) मारले. तो कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, आपल्या विकेटकीपरसारखा) आहे हे लक्षात घ्या. कॅचरचा आधीचा विक्रम ४८ चा होता, साल्वाडोर पेरेझचा, २०२१ मधला. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणाऱ्यांत मिकी मँटलचे ५४, तेही १९६१ चे, तो विक्रमही गेला. आणि सिएटलच्या मरिनर्सनी २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन जिंकली. पहिल्या पसंतीची मतं : जज १७, रॉली १३. गुण ३५५ आणि ३३५.

माझा प्रश्न असा, की हे तीस लोक नक्की मोजतात काय? उत्तम खेळाडू, की ज्याच्यावाचून संघाचं अडलं असतं तो? दोन्ही एक नव्हेत. आणि मतदाराने काय मोजायचं हेच ठरलेलं नसेल तर मतं मोजून काय निघतं?

---

ब्राँक्सचा बाब्या

अभिनंदन करवत नसेल तर राहू द्या, निदान दुखवट्याची सभा तरी घेऊ नका.

जजची सरासरी, म्हणजे दर संधीमागे यशस्वी फटके (हिट), .३३१, लीगमध्ये सर्वोच्च. रॉलीची .२४७. वर जजचे ५३ होमरन आहेतच. म्हणजे तुमच्या माणसाने सात होमरन जास्त मारले आणि त्यापायी ८४ पॉइंटांची सरासरी सोडून दिली. संघाचं म्हणाल तर जजचे यँकीज ९४ सामने जिंकले, मरिनर्स ९०. कमी जिंकून डिव्हिजन मिळाली हा भूगोलाचा प्रताप आहे, रॉलीचा नव्हे.

(न्यू जर्सीत वीस वर्षं काढली आहेत. पूर्वग्रह आहे. लपवत नाही.)

---

दशांश

धागा आवडला. गुणांचा हिशेब करून पाहिला, मजेशीर आहे.

जज : १७ × १४ = २३८. उरलेले १३ जण त्याला दुसरा मानत असतील तर १३ × ९ = ११७. बेरीज ३५५. बरोबर जुळते.
रॉली : १३ × १४ = १८२, १७ × ९ = १५३. बेरीज ३३५. तीही जुळते.

म्हणजे तीसच्या तीस जणांनी या दोघांनाच पहिल्या दोन जागा दिल्या. एकानेही मध्ये तिसरं नाव घुसवलं नाही, राग काढला नाही, गाववाल्याला वर चढवलं नाही. एवढी स्वच्छ मतमोजणी विरळाच.

दुसरं, १७ पैकी फक्त दोघांनी क्रम उलटा लिहिला असता तर १५-१५ होऊन दोघांचेही ३४५ झाले असते. दोन माणसं! तेव्हा "जज स्पष्ट जिंकला" हेही खरं नाही आणि "रॉलीला लुटलं" हेही नाही.

---

तिरकस

एक भाबडा प्रश्न. एवढे आकडे आहेत तर पत्रकार हवेतच कशाला? आमच्या आयपीएलमध्ये बघा, चौकाराला इतके, षटकाराला इतके, झेल घेतला की इतके. बेरीज करा, करंडक हातात द्या, गाडीजवळ फोटो काढा. कुणी रडत नाही, कारण मुळात कुणाला आठवतही नाही की गेल्या वर्षी तो कुणाला मिळाला.

---

शेवंती

@तिरकस, हा प्रयोग बेसबॉलने ११५ वर्षांपूर्वी केलेला आहे, आणि योगायोग म्हणजे त्यातही गाडीच होती.

१९१० साली चाल्मर्स नावाच्या मोटार कंपनीने जाहीर केलं की ज्याची बॅटिंगची सरासरी सर्वांत जास्त, त्याला आमची गाडी. मतदान नाही, चर्चा नाही, निव्वळ आकडा. डेट्रॉइटचा टाय कॉब पुढे होता. तो शेवटचे सामने खेळलाच नाही, सरासरी जपत बाहेर बसला. मागे होता क्लीव्हलंडचा नॅप लाजवे. कॉब कुणाला आवडत नसे. शेवटच्या दिवशी सेंट लुइसमध्ये लाजवेचे लागोपाठ दोन सामने होते. सेंट लुइसच्या मॅनेजरने आपल्या नवख्या तिसऱ्या बेसवाल्याला (तिसऱ्या कोपऱ्याजवळच्या क्षेत्ररक्षकाला) सांगून ठेवलं, तू पार मागे उभा राहा. मग काय! लाजवे नुसती बॅट आडवी धरून चेंडू हळूच पुढे ढकलायचा आणि आरामात पहिल्या बेसवर जाऊन उभा राहायचा. दिवसभरात आठ हिट.

बोभाटा झाला, मॅनेजरची नोकरी गेली, लीगच्या अध्यक्षाने कॉबला विजेता ठरवलं, आणि कंपनीने शहाणपणा करून दोघांनाही गाड्या दिल्या. पुढच्या वर्षापासून निवड पत्रकारांच्या समितीकडे.

तेव्हा पत्रकार मध्ये आले ते आकड्यांची लबाडी झाली म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते. आकडा निष्पाप असतो, पण त्याला बक्षीस बांधलं की तो माणसांच्या हाताला लागतो.

---

तिरकस

म्हणजे तिसरा बेसवाला नवखा असेल तर आकडेही विकत मिळतात. नोंद घेतली.

---

कॅचर नं. २

राजेहो, तुमी सगळे आकडे पाहून रायले, मी गुडघे पाहून रायलो.

शाळेत असताना अमरावतीले सॉफ्टबॉल खेळाचो. कॅचर होतो. कॅचर कसा निवडत मायीत हाय का? जो पोट्टा बॉलले भेत नाही थो. आमच्याकडं मास्क एकच, दोन टीममध्ये मिळून. इनिंग संपली का समोरच्या टीमच्या पोट्ट्याच्या तोंडावरून घामानं थबथबलेला मास्क काढाचा आन आपल्या तोंडावर चढवाचा. मिटमधला (ग्लोव्हातला) हात ठीक राहते, पन उघडा हात पाठीमागं लपवा लागते, नाहीतर बॅटले चाटून आलेला बॉल सरळ बोटावर बसते. माया उजव्या हाताचं मधलं बोट आजही पेरापाशी वाकडं हाय. बायको म्हणते पोळी लाटताना तेवढं बरं, मोहन त्या खड्ड्यात राहते.

मोठ्या लोकायच्या मॅचमध्ये एका बाजूचे दीडशेक बॉल होतात. म्हणजे दीडशे वेळा खाली बसा. त्याच्यातच पिचरले (बॉल टाकनाऱ्याले) खुणा करा, बेसवरचा माणूस पळते का पाहा, अंपायरशी गोड बोला. आन मंग पॅड सोडून बॅटिंगले जा. हा मानूस असे १२० च्या आसपास मॅच बसून खेळला आन वर ६० मारले. आउटफिल्डमध्ये उभं राहून ५३ मारनं आन हे, एकाच तागडीत कसं तोलता बाप्पा?

आमच्या मास्तरनं 'बेस्ट प्लेअर'चा कप दरवर्षी पिचरलेच देल्ला. मी काही बोललो नाही. आता बोलून रायलो.

---

पाऊसवेडा

कॅचर नं. २, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतोय. __/\__

---

ब्राँक्सचा बाब्या

प्रतिसाद लाजवाब, पण थोडं पाणी घालतो. रॉली उरलेले सामने नुसता बॅटिंगला होता, पॅड न बांधता. आणि जजही कोपर दुखावल्यावर ऑगस्टमध्ये फक्त बॅटिंगच करत होता, हे माझ्याच बाजूच्या विरोधात जातं, तरी सांगतो.

---

दशांश

कॅचर नं. २ यांचा मुद्दा भावनिक वाटला तरी तो आकड्यांच्याच पोटातला आहे.

'वॉर' नावाचं एक माप आहे. एखाद्याच्या जागी बाजारात सहज मिळणारा कामचलाऊ खेळाडू उभा केला असता तर संघाचे किती विजय कमी झाले असते, याचा अंदाज. हे माप काढणाऱ्या दोन मोठ्या साइट आहेत, बेसबॉल-रेफरन्स आणि फॅनग्राफ्स. यंदा दोन्हीकडे जज पुढे. पण एकीकडे फरक दोनाहून जास्त, दुसरीकडे एकाच्या आसपास. एवढी तफावत का?

कारण कॅचरची एक कला. फलंदाजासमोर एक काल्पनिक पट्टा असतो, त्यातून गेलेला चेंडू 'स्ट्राइक', म्हणजे फलंदाजाविरुद्ध मोजला जातो. चेंडू या पट्ट्याच्या कडेला येतो. चांगला कॅचर तो झेलतानाच मिट अगदी बोटभर आत आणतो आणि तिथेच स्थिर धरतो. मागच्या पंचाला वाटतं स्ट्राइक. दिवसभरात असे दोन-चार चेंडू मिळाले की हंगामभरात बऱ्याच धावा वाचतात. फॅनग्राफ्स हे मोजतं, बेसबॉल-रेफरन्स मोजत नाही. म्हणजे 'सूत्र लावा' म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, कुठलं सूत्र. सूत्र बनवणाऱ्यानेही कुठेतरी एक मत दिलेलंच असतं, फक्त ते तीस जणांऐवजी एकाचं असतं आणि वर त्याला दशांश चिन्ह असतं.

(अवांतर : २०२६ पासून चेंडू-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येणार आहे. ती बोटभर कला तेव्हा किती उरते बघायचं.)

---

शेवंती

आता मूळ प्रश्नाकडे. मतदारांना काय मोजायचं ते सांगितलेलं नाही असं पाऊसवेडा म्हणतात. सांगितलंय, आणि मुद्दाम अर्धवट सांगितलंय. मतपत्रिकेसोबत जी सूचना असते तिचा आशय असा : 'व्हॅल्युएबल'ची ठाम व्याख्या नाही, ती मतदाराने करावी, विजेता प्लेऑफमधल्या संघाचाच पाहिजे असं नाही. मग निकष येतात. खेळाडूचं संघाला असलेलं मोल, म्हणजे बॅटिंग आणि बचावातली ताकद. किती सामने खेळला. आणि तिसरा, ज्यावर कुणी बोलत नाही : स्वभाव, वृत्ती, निष्ठा आणि मेहनत. पिचरसुद्धा पात्र आहेत हेही लिहिलेलं असतं.

या व्याख्येवरून पूर्वी काय काय झालंय बघा.

१९४७. टेड विल्यम्सला ट्रिपल क्राउन. सरासरी, होमरन आणि धावा करवण्यात तिन्हीत पहिला. एमव्हीपी जो डिमॅजिओ. गुण २०२ विरुद्ध २०१. एका मतदाराच्या दहांत विल्यम्सचं नावच नव्हतं. त्या माणसाने त्याला नववा जरी लिहिलं असतं तरी निकाल फिरला असता.

१९९९. बोस्टनचा पिचर पेद्रो मार्टिनेझ, २३ विजय, ४ पराभव. त्याला पहिल्या पसंतीची ८ मतं, टेक्ससचा कॅचर इव्हान रॉड्रिगेझला ७. जिंकला रॉड्रिगेझ, २५२-२३९. कारण दोन मतदारांनी पेद्रोला दहांतही घेतलं नाही. कारण काय, तर पिचर पाच दिवसांतून एकदा खेळतो. त्यातल्या एकाने आदल्याच वर्षी आपल्या यादीत पिचर घेतले होते! दोघांनी नुसता चौथा क्रमांक दिला असता तर ७ आणि ७, चौदा गुण, २५३. झालं असतं.

वाईट मत हे असं दिसतं. रॉली-जजच्या मतदानात असं एकही नाही. म्हणून पाऊसवेडांचं दुःख मला समजतं, तक्रार समजत नाही.

---

पाऊसवेडा

शेवंतीताई, पटलं. अर्धं. पण मग व्याख्या स्पष्ट का करत नाहीत? 'हंगामातला सर्वोत्तम खेळाडू' असं लिहा, संपला विषय.

---

शेवंती

कारण मग १९७९ होणार नाही. :)

सांगते. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये दोघांचे गुण सारखे झाले, २१६ आणि २१६. एमव्हीपीच्या इतिहासात बरोबरी एवढीच. एक कीथ हर्नांडेझ, सेंट लुइसचा. सरासरी .३४४, लीगमध्ये पहिला, पहिल्या बेसवरचा त्याचा बचाव असा की पोरं अजून त्याच्या चित्रफिती बघतात. दुसरा विली स्टारजेल, पिट्सबर्गचा, वय ३९. गुडघे गेलेले. १६२ पैकी १२६ सामने खेळला. सरासरी .२८१. कागदावर ही बरोबरी होऊच शकत नाही.

पण स्टारजेल त्या संघाचा बाप होता. पोरं त्याला 'पॉप्स' म्हणायची. कुणी चांगला झेल घेतला, सामना जिंकून देणारी हिट मारली, की तो टोपीवर शिवायला एक छोटी कापडी चांदणी द्यायचा. लाखोंनी कमावणारी, दाढीमिशा आलेली माणसं त्या चांदणीसाठी जीव टाकायची, बालवाडीतल्या पोरांसारखी. सप्टेंबरात चुरस होती आणि संघाने डिव्हिजन काढली. पहिल्या पसंतीची मतं स्टारजेलला १०, हर्नांडेझला ४. पण हर्नांडेझ खाली सगळीकडे होता, स्टारजेल काहींच्या यादीत नव्हताच. बेरीज सारखी.

मला तो निकाल सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. अर्ध्यांनी पहिला निकष मोजला, अर्ध्यांनी तिसरा, आणि गणिताने दोघांनाही हो म्हटलं. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत म्हणून बरं. किंमत वेगळी आणि मोल वेगळं. किंमत बाजारात ठरते, मोल घरात. इंग्रजीत एकाच शब्दात दोन्ही कोंबलंय, म्हणून नव्वद वर्षं भांडतायत.

---

कॅचर नं. २

चांदनीवाली गोष्ट वाचून डोये पानावले. आमच्या मास्तरले कोनी सांगाले पायजे होतं.

---

तिरकस

आमच्या ऑफिसात 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'ला चांदणी मिळते. डोळे पाणावत नाहीत.

---

टोकियोकर

रोमात (नुसता वाचत) होतो, राहवलं नाही. जपानचा अनुभव लिहितो.

इथेही पत्रकारच मत देतात, पण तीनच नावं, गुण ५-३-१. आणि इथल्या मतदारांच्या मनात 'मोला'ची व्याख्या पक्की आहे : लीग जिंकणाऱ्या संघातला माणूस. लिहिलेलं नाही, पण वर्षानुवर्षं तसंच. अपवाद ठळक. २०१३ मध्ये याकुल्ट संघाचा बालेंतिएन, ६० होमरन मारले, सादाहारू ओचा १९६४ पासूनचा ५५ चा विक्रम मागे पडला. संघ लीगमध्ये शेवटचा, तरी एमव्हीपी तोच. म्हणजे शेवटच्या क्रमांकावरच्या संघातून जिंकायला ६० लागतात असं समजा.

अमेरिकेतही असे आहेतच. १९८७ चा आंद्रे डॉसन, ४९ होमरन, त्याचा संघ शिकागो कब्ज तळाला.

---

दशांश

संघाच्या जागेवरून मोल ठरवायचं म्हणणाऱ्यांसाठी २०१२. डेट्रॉइटचा मिगेल कब्रेरा, ट्रिपल क्राउन, १९६७ नंतरचा पहिला. एंजल्सचा माइक ट्राउट, पहिलंच पूर्ण वर्ष, ३० होमरन, ४९ बेस चोरले (समोरचे गाफील असताना पळून पुढचा बेस गाठला), सेंटरफिल्डमध्ये कुंपणावर चढून झेल. 'वॉर'मध्ये ट्राउट बराच पुढे. पहिल्या पसंतीची मतं : कब्रेरा २२, ट्राउट ६. मोठा युक्तिवाद असा की कब्रेराने संघाला प्लेऑफमध्ये नेलं.

आता बघा. डेट्रॉइट ८८ सामने जिंकून आत. एंजल्स ८९ जिंकून बाहेर. ट्राउटचा गुन्हा एवढाच की तो अवघड डिव्हिजनमध्ये जन्मला. बाब्या वर म्हणाले तेच, भूगोल.

२०१६ पर्यंत मात्र वारं बदललं. एंजल्स ७४ जिंकले, ८८ हरले, आणि ट्राउट एमव्हीपी. आजचे मतदार आधी 'वॉर' उघडतात हे मान्यच करायला हवं. त्यामुळे मला भीती उलटी वाटते. तीस जण एकच तक्ता समोर ठेवून मत देणार असतील तर तीस जण कशाला?

---

तिरकस

हेच मी माझ्या पहिल्याच प्रतिसादात म्हटलं होतं तेव्हा मला १९१० ची गाडी दाखवण्यात आली.

---

ब्राँक्सचा बाब्या

एक गोष्ट राहिली. पैसा. २०२२ च्या करारापासून नव्या, कमी पगाराच्या खेळाडूंसाठी दरवर्षी पाच कोटी डॉलरचा गल्ला आहे. त्यातला कुणी एमव्हीपी झाला तर २५ लाख डॉलर, दुसरा आला तरी साडेसतरा लाख. म्हणजे पत्रकाराच्या पेनाने एखाद्याचं घर होतं किंवा राहतं. ज्याच्यावर बातमी लिहायची त्याच्याच पगाराचा आकडा ठरवायचा? न्यूयॉर्क टाइम्स आपल्या बातमीदारांना या मतदानात भागच घेऊ देत नसे, कारण बातमी लिहिणाऱ्याने बातमी घडवू नये. मला ते पटतं. खेळाडूंनी मत द्यावं.

---

शेवंती

खेळाडूंच्या संघटनेचे वेगळे पुरस्कार आहेतच, ते खेळाडूच निवडतात. निव्वळ बॅटिंगसाठी १९९९ पासून हँक आरॉन अवॉर्ड आहे. पिचरसाठी साय यंग १९५६ पासून. म्हणजे 'उत्तम' मोजायच्या जागा भरपूर आहेत. 'मोलाचा' ही एकच जागा उरली आहे, ती तरी धूसर राहू द्या.

खेळाडू मत देतात तेव्हा काय होतं? १६२ सामन्यांत समोरच्या लीगमधल्या कुणाला ते किती वेळा बघतात? पत्रकार निदान रोज बघतो, आणि आता मतपत्रिका नावासकट जाहीर होतात. १९९९ सारखं काही केलं तर दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायची सोय नाही. माझी एकच मागणी : नावासोबत दोन ओळींचं कारण लिहायची सक्ती करा. बस्स.

बाकी या संघटनेने बदल केलाच नाही असं नाही. १९४४ पासून या करंडकावर मेजर लीगचा प्रमुख, कमिशनर लँडिस, याचं नाव होतं. तो त्या पदावर असताना या दोन्ही लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. आधीच्या विजेत्यांपैकी काहींनी आवाज उठवला आणि २०२० मध्ये पत्रकारांनी मत घेऊन नाव काढून टाकलं. सध्या करंडकावर कुणाचंच नाव नाही. तसंच राहू दे.

---

पाऊसवेडा

मंडळी, काल रात्री एक प्रयोग केला. कागद घेतला आणि स्वतःची मतपत्रिका लिहायला बसलो. दहा नावं. म्हटलं दहा मिनिटांचं काम.

पहिला रॉली, दुसरा जज. पाच सेकंद. तिसरा होझे रामिरेझ. मग अडलो. तारिक स्कुबलचं काय करायचं? पिचर, साय यंग मिळालेला. चौथा लिहिला. मग बॉबी विटला त्याच्या खाली ठेवताना हात थांबला, कारण विट रोज खेळतो. खोडलं. मग आठवलं, १९९९ च्या माणसाला मी याच वाक्यासाठी शिव्या घातल्या होत्या. पुन्हा लिहिलं. सातव्या नावापर्यंत येता येता पान असं झालं होतं की मुलीने विचारलं, बाबा, गणिताचा गृहपाठ आहे का.

दहावं नाव लिहायला अर्धा तास लागला. दहाव्याला एक गुण! कुणी ढुंकूनही बघणार नाही. पण १९४७ डोक्यात होतं.

तर मी तक्रार मागे घेत नाही, पण त्या १७ जणांवरचा राग मागे घेतो. आणि प्रस्ताव मांडतो : आपण इथेच मतदान करू. दशांश मोजतील. व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवा, सगळं जाहीर होईल.

---

दशांश

सहा मतपत्रिका आल्या. रॉली पहिला : पाऊसवेडा, कॅचर नं. २, शेवंती. जज पहिला : बाब्या, टोकियोकर, अस्मादिक. सहाही जणांनी दुसऱ्यालाच दुसरी जागा दिली.

३ × १४ + ३ × ९ = ६९.
दोघांचेही ६९.

---

शेवंती

१९७९!! मी म्हटलं नव्हतं?

---

ब्राँक्सचा बाब्या

थांबा. तिरकस यांनी मत दिलेलं नाही.

---

कॅचर नं. २

@तिरकस, ओ भाऊ, या लवकर.

---

तिरकस

व्यनि केला आहे.

---

दशांश

उघडला. वाचून दाखवतो.

पहिला : होझे रामिरेझ. दुसरा : जज. तिसरा : स्कुबल. पुढची सात नावं आहेत. रॉली दहांत नाही.

अंतिम : जज ७८, रॉली ६९.

---

पाऊसवेडा

का???

---

तिरकस

मतं जाहीर करायचं ठरलं होतं. कारणांच्या सक्तीचा ठराव अजून मंजूर झालेला नाही.

---

कॅचर नं. २

याले पॅड बांधा रे कोनी. उद्या सकाळी, सायन्स्कोर ग्राउंडवर. मास्क मी आनतो, जुनाच हाय.